लग्नाला वार कुठला?

इंग्लंडच्या उत्तर भागात एकोणिसाव्या शतकात लग्नाच्या वारांचं एक छोटं गाणं आयाबायांच्या तोंडी असे. लोकसमजुती गोळा करणाऱ्या अभ्यासकांनी ते तेव्हाच टिपून ठेवलं. त्यातला हिशेब असा: सोमवारी लग्न केलं तर पैसा, मंगळवारी केलं तर आरोग्य, बुधवार सगळ्यांत उत्तम, गुरुवार-शुक्रवारच्या वाट्याला नुकसान आणि कटकटी, शनिवारी तर नशीब मुळीच साथ देत नाही. रविवारचं नावही त्यात नाही. लग्नाविषयीच्या इंग्रजी मासिकांत हे गाणं आजही हौसेनं छापलं जातं आणि ते वाचणारी जोडपी सर्वाधिक संख्येनं लग्न करतात ती शनिवारीच.

जो वार सगळ्यांत वाईट मानला जात होता, तोच सर्वांच्या पसंतीला कसा उतरला? याचं उत्तर ग्रहताऱ्यांत शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. ते सापडतं गिरणीच्या भोंग्यात, चर्चच्या घड्याळात, स्वयंपाकघरातल्या मासळीत आणि आठवड्याच्या पगारात. लग्न हा जगभर खर्चाचा आणि माणसं जमवण्याचा प्रसंग. जमणाऱ्यांना त्या दिवशी मोकळीक हवी, खिशात चार पैसे हवेत, पंगतीला चांगलंचुंगलं वाढता यायला हवं. म्हणून लोकांनी कोणत्या वारी लग्नं केली याची यादी हाती आली, की ते कोणत्या वारी मोकळे असत हेही कळतं. ज्यांनी आयुष्यात एक पत्र लिहिलं नाही, अशा लाखो माणसांविषयी एवढी खात्रीची माहिती देणारी साधनं इतिहासात फार थोडी आहेत.

इंग्लंडमध्ये ही यादी सुमारे पावणेपाचशे वर्षांची आहे. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की, प्रत्येक गावच्या चर्चमध्ये एक वही ठेवावी आणि तिथले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तीत लिहावीत. वही कुलपाच्या पेटीत राहायची. या वह्यांत तारीख असते, वार नसतो. पण तारखेवरून वार काढता येतो, कारण सात वारांची साखळी मध्ये कुठंच तुटलेली नाही. १७५२ साली इंग्लंडनं जुनं ज्युलियन पंचांग सोडून ग्रेगोरियन पंचांग धरलं, तेव्हा २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर थेट १४ सप्टेंबरचा गुरुवार उजाडला. अकरा तारखा गळाल्या, वार एकही गळाला नाही. एक खाचखळगा तेवढा सांभाळावा लागतो: त्याआधी इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे वहीतला फेब्रुवारी १६५० हा आजच्या हिशेबानं १६५१चा असतो.

१९६४ साली पीटर लॅस्लेट आणि टोनी रिग्ली यांनी केंब्रिजमध्ये लोकसंख्येच्या इतिहासासाठी एक अभ्यासगट सुरू केला. त्यांच्यासाठी गावोगावच्या हौशी इतिहासप्रेमींनी या वह्या पानापानानं मोजून काढल्या. अशा ४०४ गावांच्या आकड्यांवर रिग्ली आणि रॉजर स्कोफिल्ड यांचा १९८१चा प्रसिद्ध ग्रंथ उभा आहे. पुढे स्कोफिल्ड यांनी बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वारांवरही स्वतंत्र निबंध लिहिला. पगाराची अपेक्षा न ठेवता फिकट शाईतल्या ओळी वाचत बसलेल्या त्या माणसांचं ऋण मोठं आहे.

जुन्या इंग्लंडचं चित्र शेक्सपिअरच्या नाटकांतही दिसतं. कथा इटलीत घडत असली तरी लिहिणारा आणि पाहणारे इंग्रजच होते. ‘द टेमिंग ऑफ द श्रू’मध्ये पेत्रुकिओ लग्न ठरवतो ते रविवारचं. ‘मच अॅडो अबाउट नथिंग’मध्ये उतावळ्या क्लॉडिओला लग्न उद्याच हवं असतं, पण सासरा लिओनाटो तयारीसाठी आठवडा मागून सोमवार ठरवतो. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये ज्युलिएटचा बाप आज वार कोणता म्हणून विचारतो, सोमवार आहे असं कळल्यावर बुधवार फार जवळ पडतो म्हणत गुरुवार पक्का करतो आणि नंतर घाईनं पुन्हा बुधवारावर येतो. त्या एका दिवसाच्या फरकानं ज्युलिएटचे सगळे बेत कोसळतात. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसांना हे वार ओळखीचे होते. रविवारी सगळं गाव चर्चमध्ये आपसूक जमलेलं असे. वेगळं आमंत्रण नको, बुडालेली मजुरी नको.

वार हाताशी असला तरी महिना मोकळा हवा. नाताळाआधीचा अ‍ॅडव्हेंट आणि ईस्टरआधीचा लेंट हे चर्चच्या दृष्टीनं लग्नाला बंद असलेले काळ. आपल्याकडच्या चातुर्मासाशी याचं नातं सहज लक्षात येतं. गोव्यातल्या कॅथलिक घरांत लेंट संपून ईस्टर झाला की लग्नांची धांदल आजही सुरू होते. खुद्द शेक्सपिअरच्या लग्नाला या बंद काळाचीच घाई होती. १५८२ साली अ‍ॅडव्हेंट २ डिसेंबरला लागत होता आणि तिथून १३ जानेवारीपर्यंत लग्नं बंद. अ‍ॅन हॅथवेला, म्हणजे वधूला, दिवस गेलेले. एरवी चर्चमध्ये तीन वेळा लग्नाचा जाहीर पुकारा व्हायला हवा, म्हणजे कुणाची हरकत असेल तर ती पुढे यावी. तेवढी सवड नव्हती. म्हणून २८ नोव्हेंबरला वधूच्या बाजूच्या दोन शेतकऱ्यांनी ४० पौंडांचा जामीन लिहून दिला आणि एकाच पुकाऱ्यावर लग्नाची परवानगी मिळाली. मुलगी सुझाना हिचा बाप्तिस्मा २६ मे १५८३ रोजी झाला.

आता पंगतीकडे वळलं पाहिजे, कारण शुक्रवार आणि शनिवार लग्नातून का बाद झाले याचं एक सरळ कारण तिथं आहे. येशूला शुक्रवारी क्रुसावर चढवलं, म्हणून त्या वारी मांस वर्ज्य. त्याला लागून शनिवारही तसाच. हे मासळीचे वार. लग्नाच्या जेवणाची शान मात्र भाजलेल्या मांसावर. इंग्लंड प्रॉटेस्टंट झालं तरी हा पायंडा लगेच मोडला नाही. पहिल्या एलिझाबेथच्या राजवटीत तर १५६३ साली कायदा करून बुधवारही मासळीचा वार ठरवण्यात आला. त्यामागे धर्म नव्हता. मासळीचा खप वाढावा, कोळ्यांच्या बोटी वाढाव्यात आणि युद्धाच्या वेळी आरमाराला दर्यावर्दी मिळावेत, हा मंत्री विल्यम सेसिल याचा हिशेब होता. १५८५ साली तो बुधवार रद्द झाला. म्हणजे पुढच्या काळात ज्या बुधवाराला सगळ्यांत उत्तम म्हटलं गेलं, त्या बुधवारी एलिझाबेथच्या काळात बावीस वर्षं लग्नाची पंगत कायद्यानं फिकी होती!

रविवारचं वर्चस्व मोडलं ते प्रॉटेस्टंटांतल्या कडव्या प्युरिटन मंडळींनी. रविवार हा देवाचा. त्या दिवशी वाजंत्री, नाच आणि दारू चालणं त्यांना सहन होईना. यादवी युद्धाच्या धामधुमीत, १६४५ साली, संसदेनं उपासनेची नवी पद्धत लागू केली. तिच्यात रविवारी लग्न करू नये असा सल्ला स्पष्ट शब्दांत दिला होता. १६५३च्या कायद्यानं तर लग्न पाद्र्याच्या हातून काढून न्यायाधिकाऱ्यापुढे नेलं. पुकारा चर्चऐवजी आठवडी बाजारात, तीन बाजारांच्या दिवशी, केला तरी चालू लागला. यादवीत उलथलेली राजेशाही १६६० साली परत आली आणि चर्चमधली लग्नंही परतली. रविवारची सवय मात्र पूर्वीइतकी घट्ट राहिली नाही.

दोन नियम पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवेत. १६०४च्या धर्मनियमांनुसार लग्न सकाळी आठ ते दुपारी बारा या वेळातच लावता येई. दुसरा नियम १७५३च्या कायद्याचा. तो २५ मार्च १७५४ पासून लागू झाला. चोरटी लग्नं थांबावीत म्हणून वधू, वर आणि दोन साक्षीदार यांची सही त्यानं सक्तीची केली. सही येत नसेल त्यानं फुली मारायची. त्यामुळे तिथून पुढच्या वह्यांत तारखेशेजारी त्या माणसाच्या हाताची खूणही मिळते. फुल्यांच्या त्या रांगांत कामगारांची लग्नं ओळखू येतात आणि कारखानदारीच्या शहरांत त्यांचे वार काढले की एक वार ठळकपणे वर येतो: सोमवार.

त्या काळचा कारागीर उक्त्यावर काम करी. विणकर, जोडे शिवणारे, शेफिल्डचे सुऱ्या-कात्र्या बनवणारे, बर्मिंगहॅमचे बटणं आणि बंदुका घडवणारे यांना शनिवारी संध्याकाळी पैसे मिळत. रविवार चर्चमध्ये किंवा गुत्त्यात जाई आणि सोमवारी कामावर जायचं नाही, हा अलिखित करार असे. या सुट्टीला लोकांनी संतपद देऊन टाकलं होतं. कॅलेंडरात जसे संतांचे सण, तसा हा ‘सेंट मंडे’. बुडालेला दिवस बुधवार-गुरुवारनंतर रात्री जागून भरून काढायचा. इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ साली कामाच्या वेळेवर लिहिलेल्या गाजलेल्या निबंधात या सोमवाराला मानाचं स्थान दिलं. पण आळशीपणाची मालकांनी केलेली तक्रार आणि प्रत्यक्ष वस्तुस्थिती यांत फरक असू शकतो. कामगार खरोखरच सोमवारी मोकळे असत का? हे तपासायला डग्लस रीड यांनी लग्नाच्या वह्या उघडल्या. बर्मिंगहॅमसारख्या शहरांत सोमवारची लग्नं इतर वारांच्या कितीतरी पुढे होती. दुसऱ्या बाजूनं हान्स-योआखिम फोट यांनी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या साक्षी वाचल्या. चोरी झाली तेव्हा तू काय करत होतास, या प्रश्नाला साक्षीदारांनी दिलेल्या उत्तरांवरून अठराव्या शतकाच्या मध्यावर सोमवारी कामावर असणारी माणसं कमी दिसतात. शतक संपेपर्यंत तो फरक पुसट होत जातो. एक पुरावा आनंदाचा, दुसरा गुन्ह्याचा आणि दोघांची साक्ष जुळते.

मँचेस्टरच्या जुन्या कॉलेजिएट चर्चमध्ये, म्हणजे आजच्या कॅथीड्रलमध्ये, सोमवारी जे चाले ते आज कुणाला खरं वाटणार नाही. चर्चची हद्द प्रचंड, फी कमी आणि आजूबाजूला गिरण्यांची नवी वस्ती. १७९० ते १८२१ या काळात तिथं जोशुआ ब्रूक्स नावाचे पाद्री होते. एकेका सकाळी ते कितीतरी जोडप्यांना एकत्र उभं करून एकाच विधीत लग्नं लावून टाकत. ईस्टरच्या सोमवारी तर गर्दीचा कळस. चुकीच्या मुलाशेजारी चुकीची मुलगी उभी राहिली तर बाहेर पडताना आपापलं नीट लावून घ्या, असं ते सांगत, असा किस्सा मँचेस्टरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. नाताळच्या दिवशीही अशीच झुंबड असे. धार्मिक ओढीपेक्षा हक्काची सुट्टी हे तिचं मोठं कारण होतं. गरिबांना लग्नासाठी वेगळा दिवस काढणं परवडत नव्हतं. जी सुट्टी आधीच मिळत होती, तिच्यातच त्यांनी आपलं लग्न बसवलं.

खेड्यांत वारापेक्षा हंगाम मोठा. शेतावरचे गडी आणि मोलकरणी वर्षाच्या कराराने राहत. करार संपला, वर्षाचा मेहनताना हातात पडला, की लग्न. अ‍ॅन कुसमॉल यांनी पाचशेहून अधिक गावांच्या वह्यांवरून दाखवलं की, जिथं धान्य पिकतं तिथं सुगीनंतर, शरद ऋतूत लग्नांची लाट येई; जिथं मेंढ्या-गुरं पाळली जातात तिथं कोकरं जन्मून झाल्यावर, वसंताच्या अखेरीला. एखाद्या तालुक्यात शेती जाऊन मेंढपाळी आली, तर ते शेकडो वर्षांनंतर लग्नाच्या तारखांवरून ओळखता येतं.

श्रीमंतांचं गणित उलटं होतं. कामाच्या दिवशी लग्न करणं हीच त्यांची प्रतिष्ठा: ना वराला कुणाकडे रजा मागायची, ना पाहुण्यांना. राणी व्हिक्टोरियाचं लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी, सोमवारी झालं. तिच्या थोरल्या मुलाचं १० मार्च १८६३ रोजी, मंगळवारी आणि तेही ऐन लेंटमध्ये, त्यामुळे धर्मगुरू नाराज झाले. दुसरी एलिझाबेथ २० नोव्हेंबर १९४७च्या गुरुवारी बोहल्यावर चढली. चार्ल्स आणि डायना यांचं लग्न २९ जुलै १९८१च्या बुधवारी झालं, तेव्हा देशाला सार्वजनिक सुट्टी द्यावी लागली. त्यांचा मुलगा विल्यम याच्या लग्नाला, २९ एप्रिल २०११च्या शुक्रवारी, पुन्हा सुट्टी. १९ मे २०१८ रोजी धाकट्या हॅरीनं मात्र साधा शनिवार निवडला; राजपुत्राचं लग्न सामान्य माणसाच्या वारावर आलं.

हा सामान्य माणसाचा शनिवार तयार व्हायला अर्धशतकाहून जास्त काळ लागला आणि त्यातली अडचण मोठी बोलकी आहे. १८५०च्या कारखाना कायद्यानं कापड गिरण्यांतल्या स्त्रियांना आणि पोरवयाच्या कामगारांना शनिवारी दुपारी दोन वाजता सोडणं बंधनकारक केलं. त्यांच्यावाचून यंत्रं चालत नसल्यानं पुरुषही बऱ्याच ठिकाणी तेव्हाच सुटत. अर्धी सुट्टी मिळाली खरी, पण चर्चमधली लग्नाची वेळ बारालाच संपत होती. दोनला सुटलेल्या मुलीला शनिवारी लग्न करायचं, तर अर्ध्या दिवसाची मजुरी सोडावीच लागे. १८८६ साली कायदा बदलून वेळ दुपारी तीनपर्यंत वाढवली. १९०१च्या कायद्यानं कापड गिरण्यांचं शनिवारचं काम दुपारी बाराला संपू लागलं. आता मध्ये पुरेसे तास होते: घरी जाऊन अंघोळ, चांगले कपडे, चर्च. मालकांनी अर्ध्या शनिवाराच्या बदल्यात सोमवारची हजेरी सक्तीची करत आणली होतीच. वह्यांतही सोमवार हळूहळू उतरतो, शनिवार चढतो आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पुढे निघून जातो. १९३४ साली वेळ संध्याकाळी सहापर्यंत गेली. कायद्यातलं वेळेचं बंधन उठलं ते थेट २०१२ साली.

सुरुवातीचं ते गाणं शनिवारला दूषण देत होतं, तेव्हा शनिवार कामगाराच्या लग्नाला गैरसोयीचाच होता. सोमवारला ते पैशाचा वार म्हणत होतं, तर सोमवारी शनिवारचा पगार अजून खिशात असे. लोक आधी सोयीनं वागले आणि शुभाशुभाचं गाणं त्या सोयीवर नंतर बसलं, असं मानायला इथं भरपूर जागा आहे. शेजारच्या स्कॉटलंडनं तर हे गाणं मनावरच घेतलं नाही. ग्लासगोच्या कामकरी वस्तीत एकोणिसाव्या शतकात लग्नाचा आवडता वार होता शुक्रवार. शुक्रवारी लग्न, शनिवारी आराम आणि रविवारी नव्या जोडप्यानं मिरवत चर्चमध्ये जायचं, अशी तिथली रीत.

विसाव्या शतकात युद्धानं वारांचा हा सगळा क्रम उधळून लावला. सैनिकाला जेव्हा रजा मिळेल तोच वार. १९४० साली इंग्लंड-वेल्समध्ये ४ लाख ७० हजारांहून जास्त लग्नं लागली. आघाडीवर जाण्याआधी लग्न उरकण्याची घाई त्या आकड्यात साठली आहे. युद्धानंतर मार्चच्या शनिवारांवर अशीच गर्दी उसळू लागली आणि तिचं कारण होतं आयकर. ब्रिटनचं करवर्ष ५ एप्रिलला संपतं आणि त्याआधी लग्न झालं तर विवाहित पुरुषाची सवलत अख्ख्या वर्षासाठी मिळे. शेक्सपिअरच्या काळात ज्या लेंटमध्ये लग्न लावायला खास परवाना लागे, तोच काळ आता करबचतीमुळे गजबजला. १९६०च्या दशकाअखेर नियम बदलला आणि मार्चची गर्दी ओसरली.

वार आणि व्यवहार यांची गाठ याहून कितीतरी जुनी आहे. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ज्यू धर्मविधीच्या ग्रंथात, विवाहाच्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य वारांविषयी आहे: कुमारिकेचं लग्न बुधवारी, विधवेचं गुरुवारी. कारणही तिथंच दिलं आहे. गावांमधली न्यायालयं सोमवारी आणि गुरुवारी बसत, कारण बाजाराच्या निमित्तानं त्या दिवशी खेड्यातले लोक येत. वधूच्या कौमार्याविषयी वराला तक्रार करायची असेल, तर बुधवारच्या लग्नानंतर गुरुवारी सकाळी त्याला लगेच न्यायालय गाठता यावं, म्हणून बुधवार. वधूवरचा संशय आठवड्याच्या रचनेतच शिवून टाकलेला होता, हे वाचताना मन कडू होतं. पुढच्या भाष्यकारांनी त्याला एक मायेचं कारणही जोडलं: रविवार, सोमवार आणि मंगळवार असे तीन दिवस वरानं मेजवानीच्या तयारीला द्यावेत. काळ बदलला तसा हा बुधवार मागे पडला. मध्य आणि पूर्व युरोपातल्या गरीब ज्यूंनी शुक्रवार जवळ केला, कारण शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या शब्बाथचं, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचं, जेवण आणि लग्नाचं जेवण एकात उरकत असे. बऱ्याच जणांनी मंगळवार धरला. बायबलच्या सृष्टिकथेत तिसऱ्या दिवसाला देवानं दोनदा चांगलं म्हटलं आहे, हा त्यांचा आधार. शनिवारी कुठेच लग्न नाही. कोकणात ज्या बेने इस्रायली लोकांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव शनवार तेली म्हणे, त्यांचा शनिवारही हाच शब्बाथ.

ज्यूंना शुभ वाटणारा मंगळवार स्पेन आणि इटलीत मात्र लग्नाला आणि प्रवासाला निषिद्ध. तिथल्या म्हणी तसं बजावतात. तो मंगळाचा, म्हणजे युद्धदेवाचा वार. ग्रीकांच्या मनात त्याला आणखी एक जखम आहे: २९ मे १४५३ रोजी कॉन्स्टँटिनोपल पडलं तो मंगळवार होता. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात घरच्या समजुतीचा सूर ऐकू येईल आणि ते योगायोगानं नव्हे. ग्रहांची नावं असलेले सात वार ग्रीक-रोमन जगात घडलेल्या ज्योतिषाबरोबर पश्चिमेला पसरले, तसेच भारतातही आले. आपल्या गृह्यसूत्रांत लग्नासाठी उत्तरायण, शुक्ल पक्ष आणि शुभ नक्षत्र सांगितलं आहे. वाराचा पत्ता नाही. वार लिहिलेला सर्वांत जुना निश्चित भारतीय लेख म्हणून मध्य प्रदेशातल्या एरण इथला बुधगुप्ताच्या काळातला स्तंभलेख सांगितला जातो: गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, म्हणजे इसवी सन ४८४. पुढे मुहूर्तग्रंथांनी वारांची वाटणी केली. सोम, बुध, गुरू, शुक्र हे सौम्य ग्रहांचे वार लग्नाला चांगले. रवी, मंगळ, शनी हे क्रूर ग्रहांचे, म्हणून मध्यम किंवा वर्ज्य. शुक्रवारचा निकाल इथं युरोपच्या अगदी उलट लागला. ग्रह तोच, पण इथं त्याच्यावर क्रुसाची सावली पडलेली नव्हती. काशीत रामदैवज्ञानं १६०० साली लिहिलेला ‘मुहूर्तचिंतामणी’ अशा मुहूर्तांसाठी आजही चाळला जातो. तरी वारावरून मुहूर्त अडून राहत नाही. नक्षत्र, चंद्रबळ आणि लग्नराशी जुळली की पंचांगातले विवाहमुहूर्त सातही वारांवर येतात.

मग क्रूर ग्रहाचा रविवार मराठी मुलखात सगळ्यांत मागणीचा वार कसा झाला? शेतकऱ्याला वाराचं बंधन नव्हतंच. रबीची कामं आटोपली, की वैशाखात कुठल्याही वारी मांडव पडे. बंधन आलं ते गिरणीबरोबर. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारच्या सुट्टीसह इतर मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार, असंही लोखंडे मालकांना सांगत, अशी आठवण सांगितली जाते. पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्यानं आठवड्याच्या सुट्टीला कायद्याचं बळ दिलं.

कोकणातला आणि घाटावरचा चाकरमानी तरीही लग्नासाठी मे महिन्यात गावीच जाई; तिथं रविवारची गरज नव्हती. रविवार महत्त्वाचा ठरला तो लग्नं शहरात लागू लागल्यावर, वऱ्हाडी कचेऱ्या-कारखान्यांतून येऊ लागल्यावर. आज मुंबई-पुण्यात सभागृह ठरवायला गेलेली माणसं मुहूर्तांच्या यादीतून आधी रविवारचे मुहूर्त वेगळे काढतात आणि त्यातला एखादा गुरुजींकडून पसंत करून घेतात. अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं बहुतेक वेळा शनिवार धरतात. सोमवारच्या सुट्टीला जोडून आला तर अधिकच बरं, कारण दुसऱ्या राज्यातून विमानानं येणाऱ्या पाहुण्यांना परतीचा एक दिवस मिळतो.